हाताला गुण आहे, कारण मात्र वेगळे आहे

मान एका बाजूला वळवून झटका द्यायचा, 'कट्' असा आवाज आला की रुग्णाने सुटकेचा निःश्वास टाकायचा, अशा चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्यापासून हाताने केल्या जाणाऱ्या उपचारांचा जुना वाद नव्याने पेटला आहे. मणक्यांना झटका देऊन उपचार करणारे कायरोप्रॅक्टर, स्नायू-सांध्यांवर हाताने उपचार करणारे ऑस्टिओपॅथ, फिजिओथेरपिस्ट, पंचकर्म केंद्रातले वैद्य, तालमीत तयार झालेले मालिशवाले आणि गावचा हाडवैद अशी सगळी मंडळी या वादात एकाच दावणीला बांधली जातात. एक बाजू म्हणते, हे सारे थोतांड आहे, यातले काहीच सिद्ध झालेले नाही. दुसरी म्हणते, मला गुण आला, माझ्या आईला आला, मग आणखी कोणता पुरावा हवा? दोन्ही बाजूंना 'आहे' किंवा 'नाही' अशा एका शब्दात उत्तर हवे असते आणि वाद फसतो तो तिथेच. हाताने केलेल्या उपचारांनी काही प्रकारच्या वेदना कमी होतात, याला पुरावा आहे. त्या थोड्या आणि थोड्या काळासाठी कमी होतात, यालाही पुरावा आहे. उपचार करणारा त्यामागचे जे कारण सांगतो ते बहुतेक वेळा खरे नसते, याला तर या तिन्हींत अधिक भक्कम आधार आहे. ही तिन्ही विधाने एकत्र धरली तरच या उपचारांचे काय करायचे हे ठरवता येते, असे माझे मत आहे.

संशयवाद्यांचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे, कारण ते खरोखरच ताकदीचे आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा कंबरदुखीवरील मालिशीचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५ चाचण्या आणि ३०९६ रुग्ण होते, आणि मालिश हा कंबरदुखीवरचा परिणामकारक उपचार आहे असे म्हणण्याइतका विश्वास वाटत नाही, असा निष्कर्ष आढावा घेणाऱ्यांनी काढला. मालिशीने वेदना कमी झालेली दिसली ती प्रामुख्याने अल्पकाळात आणि ज्यांना काहीच सक्रिय उपचार मिळाला नव्हता त्यांच्या तुलनेत. वेदनेवरील मालिशीबद्दलच्या गेल्या काही वर्षांतील आढाव्यांचा एकत्रित नकाशा अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात उच्च खात्रीचा म्हणावा असा एकही निष्कर्ष सापडला नाही. यामागे एक मूळचीच अडचण आहे. गोळीच्या चाचणीत खरी गोळी आणि खोटी गोळी सारखी दिसते. मालिशीत मात्र आपण मालिश करतो आहोत हे करणाऱ्याला ठाऊक असते आणि करून घेणाऱ्यालाही. खोटी मालिश कशी करणार? अंगावर नुसता हात ठेवला तरी तो स्पर्शच असतो.

दुसरी अडचण वेदनेच्या स्वभावातली आहे. ऑस्ट्रेलियात अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीच्या सुमारे १६५० रुग्णांवर पॅरासिटामॉलची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. नियमित गोळी घेणारे, गरजेप्रमाणे घेणारे आणि खोटी गोळी घेणारे अशा तिन्ही गटांत बरे होण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे रुग्ण बरे व्हायला लागलेला काळ, १६ ते १७ दिवस इतकाच निघाला. म्हणजे अशी पाठ बहुधा आपोआपच बरी होते. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत अनेक घरांत होती, काही ठिकाणी आजही आहे. काही दिवसांत उसण उतरते आणि श्रेय पायाळूला जाते. त्यातच माणूस उपचाराला जातो तो दुखणे अगदी कळसाला पोहोचलेले असताना, आणि कळसानंतर उतार येणारच असतो. 'मला गुण आला' हे वाक्य म्हणूनच प्रामाणिक असले तरी पुरावा म्हणून अपुरे आहे. ही गोष्ट न मानणाऱ्याने या वादात पडूच नये.

मात्र येथून 'म्हणून हे सगळे थोतांड' या निष्कर्षावर उडी मारणारा माणूस एक चूक करतो. तो हाताच्या उपचारांना एक फूटपट्टी लावतो आणि दवाखान्यातल्या रूढ उपचारांना ती लावायला विसरतो. त्या ऑस्ट्रेलियन चाचणीने मालिशीला हरवलेले नाही, हरवले आहे ते पॅरासिटामॉलला. पुढे २०२३ साली तिथेच ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांची चाचणी झाली आणि अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीवर व मानदुखीवर तीही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवर झालेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. काही रुग्णांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतली सफाई केली गेली, काहींच्या त्वचेवर फक्त छेद देऊन टाके घातले गेले. दोन वर्षांनंतरही खऱ्या शस्त्रक्रियेचा गट खोट्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. ही उदाहरणे 'तुमचेही तसेच' असे म्हणून तोंड बंद करण्यासाठी देत नाही. जुनाट वेदनेवर कोणताच एक उपचार मोठे यश देत नाही, आणि 'पुरावा कमकुवत आहे' या शब्दांचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावायला हवा, एवढेच मला सांगायचे आहे. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यांच्यापुढे खात्रीचा उपचार आणि कमकुवत उपचार असे दोन पर्याय नाहीत. त्यांना थोडा फायदा देणाऱ्या अनेक उपचारांतून निवड करायची आहे, आणि तिथे उपचाराचा धोका आणि खर्च यांना मोठे महत्त्व येते.

मार्गदर्शक तत्त्वे लिहिणाऱ्या संस्थांनी हाच हिशेब मांडलेला दिसतो. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स) २०१७ साली नव्या कंबरदुखीसाठी औषधांआधी शेक, मालिश, अॅक्युपंक्चर आणि मणक्यांची हाताने हालचाल यांचा विचार करण्यास सांगितले. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या इंग्लंडच्या राष्ट्रीय संस्थेने (नाइस) २०१६ साली हाताच्या उपचारांना परवानगी दिली, पण व्यायामासह असलेल्या उपचारयोजनेचा भाग म्हणूनच. जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. त्यांत रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांच्या जोडीला मालिश आणि मणक्यांवरील हाताचे उपचार सशर्त मान्य केले, पुरावा कमी खात्रीचा आहे हे स्पष्ट सांगून. त्याच दस्तऐवजात ट्रॅक्शन (मणक्यांना ताण देणे), उपचारासाठीचे अल्ट्रासाउंड, टेन्स नावाचे विजेचे यंत्र आणि कंबरेचा पट्टा यांच्या नित्य वापराविरुद्ध शिफारस आहे.

आता आपल्या शहरांतल्या एखाद्या गजबजलेल्या फिजिओथेरपी केंद्रात संध्याकाळी डोकावून पाहावे. पडद्यांनी वेगळे केलेले चार-पाच पलंग असतात. एकाला पट्ट्यांनी बांधून ट्रॅक्शनचे यंत्र सुरू केलेले असते, दुसऱ्याच्या कंबरेवर थंड जेल लावून अल्ट्रासाउंडचे टोक गोल गोल फिरवले जात असते, तिसऱ्याच्या गुडघ्याला विजेच्या पट्ट्या चिकटवून पंधरा मिनिटांचे घड्याळ लावलेले असते. थेरपिस्ट एका पलंगाकडून दुसऱ्याकडे धावत असतात आणि व्यायामाच्या चित्रांचा कागद जाता जाता हातात पडतो. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. जागेचे भाडे आणि रांगेतले रुग्ण त्यांना दुसरे काही करू देत नाहीत. पण तारा आणि दिवे असलेले यंत्र 'शास्त्रीय' आणि तेल लावलेला हात 'अशास्त्रीय' ही आपली समजूत पुराव्याच्या नेमकी उलट आहे, हे शास्त्राची बाजू घेणाऱ्यांनी तरी ओळखायला हवे की नको?

यावर संशयवादी म्हणेल, हाताचा जो काही परिणाम दिसतो तो केवळ मनाचा खेळ आहे. या आक्षेपाला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर हा वैद्य आणि त्याचे शिष्य रुग्णांच्या अंगावरून हात फिरवून 'प्राणिज चुंबकत्वा'चा अदृश्य प्रवाह सोडत असल्याचा दावा करत. त्याची शहानिशा करण्यासाठी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने १७८४ साली आयोग नेमला. अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन त्याचा प्रमुख होता आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए सदस्य होता. फ्रँकलिनच्या बागेतील जर्दाळूच्या एका झाडात मेस्मरच्या शिष्याने तो प्रवाह भरला. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाला मिठी मारताना तो बेशुद्ध पडला, आणि ते प्रवाह भरलेले झाड नव्हतेच. आयोगाने प्रवाह अस्तित्वात नाही असा निर्वाळा दिला. पण त्याच अहवालाने परिणाम नाकारला नाही, हे फारसे सांगितले जात नाही. कल्पना, अनुकरण आणि प्रत्यक्ष स्पर्श यांनी माणसाच्या शरीरात खरोखर बदल घडतात, असे आयोगाने लिहिले. सिद्धान्त खोटा आणि अनुभव खरा असे एकाच वेळी असू शकते, हे १७८४ मध्ये समजलेले सत्य आजच्या वादात दोन्ही बाजू हरवून बसल्या आहेत.

आज त्या स्पर्शाबद्दल आपल्याला फ्रँकलिनपेक्षा बरेच अधिक माहीत आहे. ठेच लागली की आपण अंगठा घट्ट धरतो, चोळतो. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडला. त्याच्या तपशिलांत पुढे बदल झाले, तरी वेदना ही ऊतींतून मेंदूकडे सरळ जाणारी तार नव्हे, वाटेत आणि मेंदूत तिची पातळी कमी-जास्त केली जाते, हा त्याचा गाभा टिकला आहे. आपल्या केसाळ त्वचेत काही मंद गतीचे चेतातंतू असे आहेत की हळुवार कुरवाळण्याला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचा संबंध जागा ओळखण्याशी कमी आणि सुखद भावनेशी अधिक आहे. स्पर्शाच्या उपचारांवरील शंभराहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमध्ये वेदना, चिंता आणि नैराश्य कमी होताना दिसले, आणि स्पर्श करणारी व्यक्ती ओळखीची आहे की व्यावसायिक, याने प्रौढांच्या बाबतीत विशेष फरक पडला नाही. याला 'मनाचा खेळ' म्हणायचे असेल तर म्हणावे, पण वेदना हाच मुळात मज्जासंस्थेने घडवलेला अनुभव आहे. रक्तातली साखर किंवा गाठीचा आकार मालिशीने कमी होतो असे कोणी म्हटले, तर ते मोजून फेटाळता येईल. वेदनेत मोजायचे असते ते रुग्णाचे सांगणेच.

यात वेळेचाही मोठा वाटा असावा, असे मला वाटते. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात यावरचा ६७ देशांचा आढावा २०१७ साली आला, तेव्हा भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. मालिश करणारा माणूस अर्धा-पाऊण तास देतो, कुठे दुखते ते विचारतो, हात लावून पाहतो. ज्या व्यवस्थेत कंबर दुखणाऱ्या बाईची कंबर न तपासताच तिला एमआरआय लिहून दिला जातो, तिने त्या बाईला 'तू भोंदूकडे का गेलीस' असे विचारण्याचा अधिकार गमावलेला आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण उपचार करणाऱ्यांचाही एक आक्षेप गंभीर आहे. ते म्हणतात, चाचण्यांत सर्वांना एकाच साच्यातला उपचार दिला जातो. अनुभवी हात मात्र प्रत्येक शरीर वेगळे वाचतो, म्हणून चाचण्यांत आमचे कौशल्य दिसत नाही. हे अशक्य नाही आणि काही जुन्या चाचण्यांबद्दल खरेही असेल. पण हा आक्षेप तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतील सिअॅटल येथे जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर झालेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला स्नायू आणि त्यांवरील आवरणांतले नेमके दोष शोधून काढणारी, खास प्रशिक्षण लागणारी मालिश दिली गेली. दुसऱ्या गटाला केवळ अंग सैल करणारी साधी मालिश मिळाली आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनंतर मालिशीचे दोन्ही गट तिसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे होते, पण त्या दोघांत महत्त्वाचा म्हणावा असा फरक नव्हता. वर्षभराने फायदा बराच ओसरला होता. दोष शोधणारा हात आणि न शोधणारा हात यांनी सारखाच आराम दिला, तर तो दोष हेच दुखण्याचे कारण होते असे कसे म्हणायचे? मणक्यांवरील हाताच्या उपचारांचा ४७ चाचण्या आणि ९२११ रुग्णांचा आढावा २०१९ साली आला. त्याचेही सांगणे असेच आहे की हे उपचार व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकेच परिणामकारक आहेत. त्यांच्याहून वरचढ नाहीत.

कारणांच्या कथा तपासायला गेले की एकेक गळून पडते. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली आयोवातील डॅव्हनपोर्ट येथे झाली, ती डॅनिएल पामर याने एका बहिऱ्या माणसाचा मणका जागेवर बसवून त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला तेव्हा. ऐकण्याची चेतातंतू मात्र कानातून कवटीच्या आतूनच मेंदूत जाते, ती पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. स्नायूंवरील आवरण, म्हणजे फॅशिया, हाताने ताणून मोकळे करता येते असे अनेक केंद्रांत सांगितले जाते. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी गणिती प्रतिमानातून दाखवले की मांडीच्या आणि तळपायाच्या घट्ट आवरणात एक टक्का बदल घडवायलाही माणसाचा हात देऊ शकणार नाही इतके बळ लागेल. स्नायूंतील 'ट्रिगर पॉइंट', म्हणजे दाबल्यावर दुखणारी गाठ, नेमका कुठे आहे यावर दोन अनुभवी परीक्षकांचे एकमत होण्याचे प्रमाण अभ्यासांत निराशाजनक आढळले आहे. आणि तो 'कट्' आवाज सांध्यातील द्रवात दाब कमी झाल्याने होणाऱ्या पोकळीचा आहे. काहीतरी जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही.

यावर एक प्रश्न मला अनेकदा विचारला जातो: आराम पडत असेल तर कारण खोटे असले म्हणून काय बिघडले? बरेच बिघडते, आणि या लेखात मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच. 'मणक्यात गॅप आली आहे', 'गादी सरकली आहे', 'नस चढली आहे', 'कंबर जागेवर नाही' ही वाक्ये ऐकून माणूस घरी येतो ते आपले शरीर ठिसूळ आहे ही समजूत घेऊन. तो वाकायला घाबरतो, बादली उचलत नाही, जमिनीवर बसणे सोडतो, पट्टा बांधून फिरतो. ज्याने खरोखर दीर्घकाळ फायदा होऊ शकतो, त्या हालचालीपासूनच तो दूर जातो. आणि हे 'दोष' असतात तरी किती लोकांत? कोणतीही वेदना नसलेल्या ३११० लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमांचा आढावा २०१५ साली आला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गाद्यांची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे ज्याला आजार म्हणून दाखवले जाते ते बहुतांशी केस पिकण्याइतके स्वाभाविक असते. या दोषात एमआरआयचा अहवाल समोर धरून घाबरवणारे डॉक्टरही हाडवैदाइतकेच वाटेकरी आहेत. शरीरात काहीतरी सरकले आहे असे एकदा पटले की ते पुन्हा सरकणार, पुन्हा बसवावे लागणार हेही ओघाने येते, आणि वीस-तीस बैठकांची आगाऊ पैसे घेऊन विकली जाणारी योजना त्या भीतीवर उभी राहते. फायदा काही महिन्यांत ओसरतो हे ज्याला सांगितलेलेच नाही, तो माणूस फायदा ओसरल्यावर स्वतःच्या शरीराला दोष देतो.

खोटी कथा काढून घेतली तर परिणामच नाहीसा होईल, ही भीतीही तितकीशी खरी दिसत नाही. सिअॅटलच्या साध्या मालिशीला कोणत्याही सरकलेल्या मणक्याची गरज लागली नाही. लिस्बन येथे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत तर रुग्णांना ही गोळी औषधी नाही असे उघड सांगून ती दिली गेली, तरी नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांची कंबरदुखी अधिक कमी झाली. एका छोट्या चाचणीवर मोठी इमारत उभारू नये हे खरे. पण 'याने तुमचे दुखणे काही दिवस हलके होईल, त्या दिवसांत तुम्ही चालायला आणि व्यायामाला लागा' हे वाक्य खरेही आहे आणि उपयोगीही. ते सांगायला लाज का वाटावी?

परंपरेचा दाखला देणाऱ्यांना मला एवढेच आठवण करून द्यायचे आहे की प्राचीनता हा निकष मानला, तर रक्त काढण्याचा उपचार कधी थांबलाच नसता. युरोपात तो शतकानुशतके चालला, आणि १८३०च्या दशकात पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी न्यूमोनियाचे रुग्ण मोजून त्याचा फायदा किती तोकडा आहे हे दाखवले. आपल्या परंपरेचे आकडे मोजल्याने तिचा अपमान होत नाही. शिवाय आयुर्वेदात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मालिश, हा दिनचर्येचा भाग आहे, स्नानाआधी रोज करायचा. रोजच्या सवयीने मिळणारा हलकेपणा आणि एकवीस दिवसांत 'मणका बरा करण्याची' हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची जबाबदारी परंपरेवर ढकलता येत नाही.

धोक्याबद्दल थोडक्यात पण स्पष्ट लिहिले पाहिजे. मानेला जोराचा झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या दुर्मीळ पण नोंदलेल्या घटना आहेत, आणि मानदुखी सौम्य उपायांनीही कमी होत असताना तो धोका पत्करण्याचे मला तरी कारण दिसत नाही. जगातील क्षयरोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, म्हणून आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाची शक्यता कधीच दृष्टीआड करता येत नाही. रात्री वाढणारी वेदना, बारीक ताप, घटणारे वजन, पायांतली वाढती कमजोरी, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काही असेल तर त्या पाठीला तेल लावण्याआधी डॉक्टरने पाहिले पाहिजे. हाताने उपचार करणाऱ्या प्रत्येकाला ही लक्षणे तोंडपाठ असणे सक्तीचे करावे.

हा वाद पुढे न्यायचा असेल तर आपल्याकडे एक सोय जगात फार थोड्या ठिकाणी असेल. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यक, आयुर्वेद आणि फिजिओथेरपी या तिन्हींची महाविद्यालये आहेत. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट करावेत: एकाला प्रशिक्षित वैद्याकडून शास्त्रोक्त अभ्यंग आणि व्यायाम, दुसऱ्याला साध्या तेलाची साधी मालिश आणि तोच व्यायाम, तिसऱ्याला फक्त व्यायाम. रुग्ण कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला माहीत नसावे, आणि मोजमाप तीन महिन्यांनी व पुन्हा वर्षाने व्हावे. रुग्णाला किती वेदना आहे याबरोबरच तो किती चालतो, कामावर गेला का, वेदनाशामक गोळ्या किती घेतो, हेही नोंदवावे. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे. तिथे आराखडा आधी जाहीर करावा आणि निकाल अभ्यंगाच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो मराठीतही छापावा.